चोर आला की जर्बिल भुंकतो

बाई, तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होऊन गेली, तरी तुमच्याशी मराठीत बोलायचं म्हटलं की अजून मी प्रत्येक वाक्य दोनदा तपासते. लिंगं चुकतील, ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, तेवढं सांभाळून घ्या. नाहीतर लाल पेन काढा, तुमची मर्जी.

इंग्लंडात लेस्टरला बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या चर्च हॉलमध्ये तुम्ही दर शनिवारी आम्हा आठ-दहा मुलांना मराठी शिकवायचात. साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून तुम्ही मुलाकडे राहायला आला होतात, आणि कोटावर शाल, मोज्यांवर चपला अशा थाटात यायचात. मी नऊ वर्षांची. त्या उन्हाळ्यात बाबांच्या हॉस्पिटलमधल्या एका नर्सचा मुलगा घर सोडून गेला आणि त्याचं जाड शेपटीचं, उंदरासारखं दिसणारं जर्बिल पिंजऱ्यासकट आमच्या किचनमध्ये आलं. मूळचं हे जनावर सहाराच्या उत्तरेकडच्या कडेचं. आई म्हणाली, "अहो, गणपतीला अजून दोन महिने आहेत, वाहन आत्ताच कशाला आणलंत?" शेपटी बघून मात्र तिची थट्टा थांबली. बोटाएवढी जाड, गुलाबी, टोकाला बोथट. "सुजलीये हो ही. डॉक्टर आहात ना, बघा की." बाबा हाडांचे डॉक्टर, त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि नर्सला फोन केला. सूज नव्हती. उंट वशिंडात साठवतो तशी हे शेपटीत चरबी साठवतं, म्हणजे खायला मिळालं नाही तरी काही दिवस निभतं.

तेवढ्यात तुम्ही निबंध दिलात, 'माझा आवडता प्राणी'. आईकडे इंडियातून आणलेलं निबंधांचं पुस्तक होतं. त्यातला कुत्र्याचा निबंध मी उतरवला आणि जिथे जिथे कुत्रा, तिथे तिथे जर्बिल घातलं. तुम्ही तो वर्गासमोर उभं राहून वाचलात. "जर्बिल हा इमानी प्राणी आहे. तो घराची राखण करतो. चोर आला की जर्बिल भुंकतो." मुलं हसून लोळली. तुम्ही हसला नाहीत. "भुंकताना तू ऐकलंस?" मी म्हटलं, नाही, बाई. "मग ज्याने ऐकलं त्याचा निबंध हा, तुझा नाही. आठवडाभर पिंजऱ्यापुढे बस आणि दिसेल तेवढंच लिही. काही दिसलं नाही तर तसं लिही. आणि नर की मादी ठाऊक नसेल तर 'ते' म्हणावं." मला तुमचा भयंकर राग आला. घरी जाऊन मी रडले आणि मग पिंजऱ्यापुढे जाऊन बसले.

पण बाई, महिना जूनचा. लेस्टरला साडेनऊपर्यंत उजेड, आणि आई मला साडेआठला बेडमध्ये घालायची. अंधार पडल्याशिवाय जर्बिल उठायचं नाही. आठवडाभर मला दिसली ती त्याची पाठ. एकदा तर ते इतकं गाढ झोपलं होतं की मेलं म्हणून मी आईला हाक मारली. वहीत लिहिलं: सोमवार, ते झोपलं होतं. मंगळवार, ते झोपलं होतं. शुक्रवारी वही उघडून पाहिली आणि मला लाज वाटली. तुम्ही मला शाबास म्हणावं, एवढंच मला हवं होतं. मग मी एक वाक्य घातलं: 'बाहेर येण्याआधी ते बिळाच्या तोंडाशी थांबतं आणि ऐकतं.' बीळ म्हणजे किचन रोलची पुठ्ठ्याची नळी. तिच्यातून बाहेर येताना मी त्याला एकदाही पाहिलं नव्हतं.

आपल्या वर्गाच्या जुलैमधल्या कार्यक्रमात तुम्ही सगळ्या आईवडिलांसमोर तेच वाक्य वाचून दाखवलंत. "ही मुलगी बघायला शिकली," म्हणालात. हिवाळ्यात तुम्ही आजारी पडलात तेव्हा आई मला भेटायला घेऊन आली. तुम्ही माझा हात धरून विचारलंत, "ऐकतंय का गं अजून तुझं जर्बिल?" मी म्हटलं, "हो, बाई." तुम्हाला इतकं बरं वाटलेलं दिसलं की खरं सांगायचं मी टाळलं. पंधरा दिवसांनी तुम्ही गेलात आणि तो 'हो' दुरुस्त करायचा राहून गेला.

मी ग्लासगोला प्राणिशास्त्र शिकायला गेले, त्यात आवड किती आणि तो 'हो' किती, हे मला नीट सांगता येणार नाही. शेवटच्या वर्षी आमची टीम दक्षिण मोरोक्कोला गेली. दगडगोटे, खुरटी झुडपं, आणि कडक जमिनीत याच जर्बिलांची बिळं. या प्राण्याच्या कवटीत कानामागच्या पोकळ्या इतक्या मोठ्या असतात की अगदी बारीक, खालच्या पट्टीतला आवाजही त्याला कळतो, हे मला तोवर पाठ झालं होतं. रोज संध्याकाळी मी एका बिळासमोर पालथी पडून राहते. दहा संध्याकाळी काहीच नाही. अकराव्या संध्याकाळी, अजून उजेड असताना, बिळातून एक नाक बाहेर येतं. थांबतं. मी श्वास रोखून धरते. मग ते सबंध बाहेर येतं आणि एका भुंग्याच्या मागे पळतं. शेपटी चांगली जाड आहे, म्हणजे महिना बरा गेलेला दिसतोय.

मी वहीत लिहिलं, 'बिळाच्या तोंडाशी थांबलं. मग बाहेर आलं.' टीमबरोबर आलेल्या आमच्या स्कॉटिश मॅडमनी ते वाचलं आणि विचारलं, ऐकत होतं का? मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि पान उलटलं. त्या संध्याकाळी मी फार आनंदात होते, बाई. किती तरी वर्षांनी तुमच्याकडे मान वर करून बघता आलं असतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे इथे तरी खरं लिहिते. तुमच्या आवडत्या वाक्यातलं मी काहीच पाहिलं नव्हतं. अर्धं पुढे मोरोक्कोत पाहिलं. उरलेलं अर्धं मी कुठल्याही वहीत लिहिणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण तुम्ही आत्ता समोर बसून पुन्हा विचारलंत ना, तर मी पुन्हा 'हो'च म्हणेन. मला वाटतं, ते ऐकत होतं.