मामांचं घर होतं तसं करून देताना

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द पत्राच्या सवयीने लिहिलेला नाही. गेल्या आठवड्यात एक अख्खी सकाळ तुमच्या स्वयंपाकघरातल्या सिंकखाली मी आठही अंगं फरशीला टेकून पडलो होतो. तेव्हा तुमचीच आठवण येत होती, म्हणून तो नमस्कार तुम्हालाच पोचता करतो.) तब्येत कशी आहे? गुडघा दुखायचा थांबला का? मामींचं पित्त? आमच्याकडे आई ठीक आहे, बायको बोलत नाही आणि माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. एकूण मजेत आहोत.

तुमचा निरोप मिळाला. महिनाअखेरीला घर रिकामं करावं आणि जाताना ते "होतं तसं" करून द्यावं. निरोप फोनवर मेसेजने आला तरी उत्तर पत्राने देतोय, कारण मी फोन हातात घेतला की आई शेजारी येऊन बसते आणि "पिल्लू आहे का?" विचारते. (तुम्ही निवृत्त झालात, सोसायटीचे अध्यक्ष झालात, पण तिच्या तोंडातलं पिल्लू काही मोठं झालं नाही.)

"होतं तसं" हे दोन शब्द मी बराच वेळ वाचत बसलो. मामा, आम्ही आलो तेव्हा हे घर कसं होतं, आठवतं का? बाथरूमचं दार लावायला दोन माणसं लागायची. आतल्याने ओढायचं आणि बाहेरच्याने लाथ मारायची, त्यामुळे आंघोळीसारखी खासगी गोष्टही सहकारी तत्त्वावर चालायची. नळ बंद केला की मगच मनापासून गळायला लागायचा. मागच्या खिडकीला काचेच्या जागी तुमच्या ऑफिसचं जुनं कॅलेंडर चिकटवलेलं होतं, आणि जरा वारा सुटला की एप्रिल घरात यायचा. आता होतं तसं करून द्यायचं तर मला दार फुगवावं लागेल, नळ बिघडवावा लागेल आणि ते कॅलेंडर हुडकून काढावं लागेल. पण मामांच्या म्हणण्याचा अर्थ तसा नसेल, असं बायको म्हणाली (तेव्हा बोलत होती), आणि आम्ही कामाला लागलो.

सुरुवात खिळ्यांपासून केली. खिळा उपटणं दिसायला सोपं काम. पण तुमच्या भिंती खिळ्याला एकटं जाऊ देत नाहीत, सोबतीला मूठभर प्लास्टर देतात. खिळ्याएवढं भोक बुजवायला गेलो आणि वाटीएवढा खड्डा पडला. त्यात पुट्टी भरली, पॉलिशपेपरने घासली, वर रंग लावला. दुकानदाराने "डिट्टो तोच" म्हणून दिलेला रंग डब्यात होता तोवर तोच होता. भिंतीवर गेल्यावर त्याने आपला रंग दाखवला. आता हॉलला कांजिण्या आल्यासारख्या दिसतात. शेवटी एक रंगारी आणला. तो भिंतीसमोर उभा राहिला आणि सुतकी आवाजात म्हणाला, "कुणी केलं हे?" मी म्हणालो, नळवाल्याने.

नळवाल्यावर हे बालंट मी उगीच आणलं नाही. त्याने आदल्याच दिवशी सिंकच्या नळाचं वायसर बदललं होतं आणि "आता चिंता सोडा" असं सांगून गेला होता. तो जिना उतरतोय तोवर नळाची मूठ बायकोच्या हातात आली. पाणी छताच्या दिशेने निघालं. मी मुख्य व्हॉल्व्ह फिरवायला सिंकखाली शिरलो, तर तो फिरेना, आणि मलाही फिरता येईना. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांना माझे फक्त पाय दिसत होते, म्हणून त्यांनी पायांनाच विचारलं, "आमच्या न्हाणीघरात पाऊस का पडतोय?" नळवाला परत आला तेव्हा त्याने चूक कबूल केली, पण माझी. मूठ म्हणे उलटी फिरवली. तेव्हापासून बायको बोलत नाही, कारण ती फिरवली तिने होती आणि मी "बरोबर आहे" असं म्हणून गेलो.

हे सगळं मी हसत सोसलं असतं. पण तुमच्या निरोपात शेवटी एक ओळ होती: "बाथरूममधला तो दांडा काढून टाकावा, फार दवाखान्यासारखं दिसतं." तो दांडा, मामा, आई एकदा ओल्या फरशीवर घसरली त्यानंतर तिला धरायला भिंतीच्या फरशीत बसवला होता. तिचं मनगट तेव्हापासून पूर्ण वळत नाही. तुम्ही बघायला आला होतात, संत्री घेऊन. आईला मी सांगितलं की नव्या घरात लावायला काढतोय. ती म्हणाली, "सांभाळून काढ रे, पिल्लूची फरशी फुटायला नको." दांडा निघाला, फरशी फुटली. तसल्या फिकट हिरव्या फरश्या आता कुणी बनवतही नाही. दुकानदाराने माझ्या हातातला तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि हा कुठल्या उत्खननात सापडला, असं विचारलं. शेवटी जवळपासच्या रंगाची एक आणून बसवली. ती बत्तिशीतल्या सोन्याच्या दातासारखी चमकते. तेव्हापासून आई बायकोच्या खांद्याला धरून न्हाते. (बायको तिच्याशी बोलते. अबोला फक्त माझ्यापुरता आहे.)

काल दुपारी मी स्टुलावर उभा राहून (रंगारी गेला तो परत आलाच नाही) पुट्टीचा शेवटचा हात मारत होतो. आई खाली खुर्ची टाकून, चष्मा लावून, राहिलेली भोकं दाखवत होती. तेवढ्यात बेल वाजली आणि कानावर पेन्सिल अडकवलेला एक माणूस आत आला. तुमचा कंत्राटदार. हातात मोजपट्टी. त्याने हॉलची भिंत मोजली, टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, "ही जाणार."

"कधी?" मी असं विचारलं, जणू भिंतीला गाडी पकडायची होती.

"तुम्ही गेलात की लगेच. ही भिंत, ओटा, बाथरूम, सगळं फोडायचंय. दारंसुद्धा नवी. मालकांच्या ओळखीचे कुणी मोठे साहेब येणारेत राहायला." हे सगळं तो हळू आवाजात सांगत होता, आईपर्यंत पोचलं नाही, ते मात्र बरं झालं.

"मग मी हे काय बुजवतोय?"

त्याने माझं काम जवळ जाऊन पाहिलं. "बुजवा की. आता कुठे हात बसायला लागलाय तुमचा."

मामा, मी तेव्हाच स्टुलावरून उतरणार होतो. पुट्टीचं पातं खिडकीतून भिरकावणार होतो आणि तुमच्याबद्दल मनात होतं ते मोठ्याने बोलणार होतो. (त्यातलं निम्मंही इथे लिहिण्यासारखं नाही.) पण आई खुर्चीतून वाकून त्या माणसाला म्हणाली, "पिल्लूने पाठवलं ना तुम्हाला? मी याला म्हणतच होते, तो माणूस पाठवेल मदतीला. एवढं सगळं याला एकट्याला कसं करू देईल?"

कंत्राटदाराने माझ्याकडे पाहिलं. मी पुट्टीकडे पाहिलं. मग त्याने मोजपट्टी खिशात टाकली, माझ्या हातातलं पातं घेतलं आणि आईने बोट दाखवलं ते भोक अगदी नीट, कडा साफ करून बुजवलं. "झालं, आजी," म्हणाला. आईने त्याला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. तो गेल्यावर तिने मला भिंतीचा आणखी एक कोपरा दाखवला आणि मी तोही बुजवला. फोडायच्या भिंतीला संध्याकाळपर्यंत पॉलिशपेपर मारत होतो. हात दुखतोय तो त्यानेच.

घर तयार आहे. येऊन बघा, किंवा बघू नका, थेट फोडा. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा
(भाडेकरू महिनाअखेरपर्यंतच. भाचेपण मात्र रिकामं करून देता येत नाही.)

ता. क. किल्ली खालच्या काकूंकडे ठेवतो. त्या तुम्हाला पावसाबद्दल विचारतील.

ता. क. पुन्हा. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं, वरचं मध्येच येत गेलं. तुम्ही घर सोडायला सांगितलंत हे आईला माहीत नाही. माझी बदली झाली म्हणून आपणच निघालो, असं मी तिला सांगितलंय. त्यामुळे ती रोज म्हणते, "पिल्लूला किती वाईट वाटत असेल. बोलून दाखवणार नाही तो." आणि मग दिवसभर तुमच्या फोनची वाट बघते. तर एकदा फोन करा आणि "ताई, जाऊ नकोस, राहा अजून" एवढं म्हणा. घाबरू नका, ती राहणार नाही. तिने कपड्यांची बोचकी कधीच बांधून ठेवलीत. ती नाहीच म्हणेल, आणि मग आनंदाने निघेल.

ता. क. शेवटचा. हल्ली तिला फोनवर कमी ऐकू येतं, तेव्हा जरा ओरडूनच म्हणावं लागेल. मामींच्या कानावर जाईल अशी धास्ती वाटत असेल, तर गच्चीवर जाऊन म्हणा.