यंदाच्या सीझनचं गाणं

अहो दिपीचे पप्पा,

उद्या दिपीची हळद. वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून सगळी घाई झाली. मंडपवाला मघापासून विचारतोय, गाणी लावायची की नाही? तुमच्याशी बोलल्याशिवाय उत्तर देववेना, म्हणून लिहायला बसले.

आपल्या घरात सालं कधी आकड्यांनी लक्षात ठेवलीच नाहीत. लग्न कधी झालं असं कुणी विचारलं, की तुम्ही त्या वर्षी गाजलेलं गाणं गुणगुणायचात. दिपी झाली तेव्हा श्रीरामपूरच्या थेटरातून एक रडका पिक्चर उतरायचं नाव घेत नव्हता. मी दवाखान्यात, आणि तुम्ही पेढे घेऊन तिकिटाच्या रांगेत! वर मलाच सांगता, "एवढी मानसं एका जागी आनि कुटं भेटली असती?" तो राग मी अजून सोडलेला नाही.

उसाचा ट्रॅक्टर बाहेर काढायच्या आधी तुम्ही दर सीझनला एक हिट गाणं धरायचात. मग कारखाना बंद होईपर्यंत तेच. प्रत्येक ड्रायव्हरचं गाणं वेगळं. तुमचं गाणं कॅनॉलच्या वळणावर आलं की मी चहाचं आधण ठेवायची. कान किटायचे हो, पण जिवाला बरं वाटायचं.

यंदाचं गाणं धरलंत तेव्हा दिपीला म्हणालात, "तुज्या हळदीला हेच लावनार." आणि तेच गाणं लावून, कारखान्याच्या रांगेत, तुम्ही गेलात. टेप चालू, टोपी तोंडावर. मागच्या ट्रॅक्टरवर सलीमभाऊ होते. त्यांना वाटलं, ऐकत पडलाय. रांग सरकली, तुमचा ट्रॅक्टर हलेना, तेव्हा ते बघायला आले. छातीत दुखत होतं तर हॉर्न तरी वाजवायचा. इतका मोठा आवाज कशाला ठेवायचा माणसानं?

त्यानंतर आपल्या दारावरून जाताना सगळे ड्रायव्हर टेप बंद करायला लागले. वळणापर्यंत गाणं यायचं, मग नुसती इंजिनाची घरघर. तुमच्या मानासाठी करतात, असं मी समजत होते. पण मला ती शांतता सोसायची नाही. मी दार लावून घ्यायची.

वन्सं म्हणतात, दुःखाचं वर्ष आहे, वाजवणं नको. दिपी हट्टाला पेटली आहे. "आई, पप्पांनी माज्यासाठी ठेवलेलं गानं हाय ते. ते न्हाई वाजलं तर मला हळदच नको." आणि माझी अवस्था अशी, की बसस्टँडवर कुणाच्या मोबाईलवर ते गाणं लागलं तरी मी एसटी सोडून बाहेर निघून येते. काय करू मी?

आज सकाळी सलीमभाऊ ट्रॉलीतून खुर्च्या घेऊन आले. टेप बंदच. मी म्हटलं, "भाऊ, उद्या गाणं लावायचं झालं तर तुम्हीच लावा."

ते हातातली खुर्ची खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, माज्याच्यानं न्हाई व्हायचं. त्या गान्यापायीच मी उतरलो न्हाई. आधी उतरलो असतो तर..."

अहो, हा माणूस इतके महिने हे उरावर घेऊन आपल्या दारावरून जात होता, आणि मला पत्ताच नाही. मी म्हटलं, "भाऊ, मी असते तरी उठवलं नसतं. गाणं चालू असताना ह्यांना हाक मारलेली खपायची का?" तेव्हा ते ट्रॉलीला टेकून रडले. मीही रडले. दिपी पाणी घेऊन आली आणि तीही तिथंच बसली.

मंडपवाल्याला आता सांगते, गाणं वाजणार. वन्संची समजूत मी घालीन. तुम्हाला एवढाच शब्द देते, गाणं चालू असेपर्यंत मी स्वयंपाकघरात जाऊन लपणार नाही. सगळ्या गावासमोर सलीमभाऊंच्या शेजारी उभी राहीन.

तुमची,
सुमन