वीस सेकंदांची गोष्ट

रविवार, २ मार्च

शर्मिष्ठाची भारताच्या टीममध्ये निवड झाली! अंडरवॉटर हॉकी. आशियाई स्पर्धा, क्वालालंपूर. खालच्या मजल्यावरचे भाऊराव पेढा खाता खाता म्हणाले, "म्हणजे पावसात खेळतात का?" मी म्हटलं, नाही, स्विमिंग पूलच्या तळाशी. जड चकती, वीतभर काठी, तोंडात नळी, पायात बदकासारखे पंख. श्वास रोखून खाली जायचं, झोंबाझोंबी करायची, वर यायचं. भाऊरावांनी दुसरा पेढा घेतला नाही.

लग्नाला चौदा वर्षं झाली. भांडताना बायको श्वास घ्यायला थांबलेली मी पाहिली नाही. त्यामुळे निवडीचं मला आश्चर्य नाही.

बुधवार, ५ मार्च

टीमला मॅनेजर मिळेना. कॅप्टन प्रियंकाचा फोन आला. गोवंडीची पोरगी, कुर्ल्याला ब्लड बँकेत नोकरी, बोलणं एकदम सरळ. "दादा, तुम्हाला पोहता येत नाही ना? मग तुम्हीच चला. बाकी सगळ्यांना खेळायचंय." हो म्हटलं. शर्मिष्ठा बाजूला उभी राहून हसत होती — म्हणजे आधीच ठरलं होतं.

गुरुवार, २० मार्च. क्वालालंपूर

पहिली मॅच. वरून काहीही दिसत नाही. पाणी उकळतंय असं वाटतं, मध्येच कुणाचा तरी पाय वर येतो. एकदा फारच खळबळ झाली म्हणून मी जोरात टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईने समजावलं, गोल तुमच्यावर झालाय. अकरा-शून्य.

शुक्रवार, २१ मार्च

आठ-शून्य. मी म्हटलं, सुधारणा आहे. शर्मिष्ठाने ओला टॉवेल फेकून मारला. नेम चांगला आहे.

रविवार, २३ मार्च

आज नीट लिहितो.

शेवटची मॅच यजमानांशी. आधीच्या हरलो असलो तरी ही जिंकलो तर जागतिक स्पर्धेतली शेवटची जागा आमची. प्रियंका सकाळी पोरींना एवढंच म्हणाली, "एक मॅच, यार. बस." टेबलावर दोन्ही टीमचा एकेक माणूस बसवतात. त्यांच्या माणसाकडे स्कोअर, माझ्याकडे घड्याळ.

आणि शर्मिष्ठाने गोल केला. खरंच केला! या वेळी मी स्कोअरवाल्याला विचारून मग टाळ्या वाजवल्या.

शेवटची दोन मिनिटं. या वेळात रेफरीने खेळ थांबवला की घड्याळही थांबवायचं, असा नियम. रेफरीने हात वर केला. त्याच क्षणी शर्मिष्ठा वर आली — खोकत, ओठ निळे पडलेले. मी तिच्याकडेच बघत राहिलो. बटण दाबायचं राहिलं. खेळ परत सुरू झाल्यावर लक्षात आलं. वीसेक सेकंद फुकट गेले होते. कुणालाच कळलं नव्हतं. स्कोअरवाला पाणी पीत होता. मी गप्प बसलो.

भोंगा वाजला. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. शर्मिष्ठाने माझ्याकडे बघून हात हलवला. तिथे मला राहवेना. उठलो आणि मुख्य रेफरीला सांगून टाकलं.

वीस सेकंद परत लावले. तेवढ्यात त्यांनी गोल केला. एक-एक. जागा गेली.

प्रियंका पाण्यातूनच म्हणाली, "दादा, जरा वेळ गप्प बसता नाही आलं?" शर्मिष्ठा पायातले पंख काढून सरळ कपडे बदलायला गेली.

मंगळवार, २५ मार्च. मुलुंड

अबोला. भाजीत मीठ नव्हतं. मी खाल्ली.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी बांधायला ती स्टुलावर चढली आणि स्टूल धरायला मला हाक मारली. आठवड्यातली पहिली हाक. वरूनच म्हणाली, "तुझ्या जागी मी असते ना, तर तोंड उघडलं नसतं."

मी स्टूल धरून उभा.

"आणि मग वर्षभर झोपले नसते. तुझं बरंय. तू सांगून मोकळा होतोस, मॅच आमची जाते."

मी म्हटलं, पुढच्या वेळी दुसरा मॅनेजर बघ.

"बघतेच आहे." पण हसली. श्रीखंड न मागता दोनदा वाढलं. मिटलं म्हणायचं.

शुक्रवार, ४ एप्रिल

जागतिक स्पर्धेच्या आयोजकांची मेल आली. घड्याळावर बसायला भरवशाचा माणूस हवाय, क्वालालंपूरच्या मुख्य रेफरीने नाव सुचवलंय. बोलावणं मला आहे. टीमला नाही.

शर्मिष्ठा स्वयंपाकघरात गुणगुणतेय. अजून सांगितलेलं नाही.