दिलेला सल्ला रद्द करण्याबाबत

मी, खाली अंगठा उठवणारी, वय एकोणऐंशीच्या आसपास, इस्पितळातली निवृत्त आया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना सांगत आहे. डोकं शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची सही लागत नाही असं वकील म्हणाले. लिहून घेते आहे माझी नात, त्याच इस्पितळातली नर्स. तिची दोनची ड्यूटी आहे, तेव्हा भराभर.

१. राहतं दोन खोल्यांचं घर नातीला. बँकेत उरेल ते मुलाला. त्याने फार हुरळू नये. भिंतीवरचं घड्याळही त्यालाच. ते दहा मिनिटं पुढे आहे, तसंच ठेवावं. त्या दहा मिनिटांच्या जोरावर मी नोकरीत एकदाही उशिरा पोचले नाही.

२. नातीच्या उशीखाली झोपेच्या गोळ्यांची डबी सापडली. काठोकाठ भरलेली. ती आता माझ्याकडे कुलपात आहे आणि कोणाच्याही वाट्याला नाही.

"आजी, हे नको ना लिहायला."

लिही. मृत्युपत्र माझं आहे.

३. नातीच्या वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टर तिला पेशंटच्या नातेवाइकांसमोर बिनडोक म्हणतात. तीन आठवडे सुट्टी दिलेली नाही. परवा म्हणाल्या, "तू नसलीस तर कोणाचं काही अडत नाही." हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. "परवा नाही, मंगळवारी," असं नात आता सांगते. बरं, मंगळवारी लिही.

४. लाकडी स्टूल इन्चार्ज बाईंना द्यावं. त्या नवीन नर्स होत्या तेव्हा त्यांच्या वरची सिस्टर त्यांना अशीच सोलून काढायची. चादरींच्या खोलीत याच स्टुलावर बसून, तोंडात टॉवेल कोंबून त्या रडायच्या. मी पाठीवर हात फिरवला नि म्हटलं, "सोस गं बाई. सगळ्यांनी सोसलंय. उद्या तूही मोठी होशील." झाल्या मोठ्या. स्टूल भंगारात निघालं तेव्हा मी रीतसर मागून आणलं. कुठलं आहे ते त्यांना सांगावं लागणार नाही. रागाने देत नाही. थोडं रागानेच देते.

५. आधीचं मृत्युपत्र नाही, म्हणून रद्द करण्यासारखं काही नाही, असं वकील म्हणतात. आहे. सहा महिन्यांपूर्वी नात रडत आली, तेव्हा तिलाही मी "सोस" म्हटलं. दोघींना दिलेला तो सल्ला मी आज रद्द करते.

६. घराचा आणि नोकरीचा संबंध नाही. नोकरी सोडली तरी घर तिचंच. अट एकच, मनाच्या डॉक्टरांकडे जायचं. ही अट माझ्या मरणाची वाट बघत बसणार नाही, मला तेवढा दम नाही. आजच जायचं. ड्यूटीचं काय? काही अडत नाही, इन्चार्ज बाईच म्हणाल्यात.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. कलम तीनला वाचणारी थांबली. मग तिने शेवटपर्यंत वाचलं.

अंगठा: डाव्या हाताचा.
साक्षीदार: शेजारचे शिंपीकाका; इस्पितळाच्या धुलाईखात्यातली जुनी मैत्रीण. (घर नातीला मिळतं, म्हणून ती साक्षीदार नाही.)
स्थळ: राहतं घर. दिनांक: अकरा, शुक्रवार.
वेळ: माझ्या घड्याळात दोन वाजून वीस. दहा वजा केली तरी ड्यूटी चुकलीच. नातीने आजारी असल्याचं फोनवर कळवलं. खोटं बोलली नाही.