जुनी रिंग निघाली होती ना?

प्रिय ठमाबाई,

चाळिशीला टेकलेल्या बाईला ठमाबाई म्हणणारा आता जगात मी एकटाच उरलोय, तेव्हा कपाळाला आठी घालू नकोस, वाच. तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. तुझी वहिनी रोज विचारते, लिहिलं का उत्तर, आणि मी रोज सांगतो, आज लिहितो. आज सकाळी तिने विचारलं की सख्ख्या बहिणीला पत्र लिहायलाही मुहूर्त काढावा लागतो का. म्हणून जेवण झाल्यावर किल्ली घेऊन गॅरेजवर आलो. रविवार आहे, शटर अर्धं वर आहे, बाबांच्या टेबलापाशी बसलोय. पंखा अजून तसाच कुरकुरतो. तुझ्या धाकट्या भावाच्या, म्हणजे त्या पंख्याच्या, तब्येतीत काडीचा फरक नाही. तीन कागद फाडून झाले. तिन्हींवर पहिलं वाक्य ‘इकडे सर्व खुशाल’ असं होतं.

आधी कामाचं लिहितो, कामाचं लिहायला लागलो की माझा हात चालतो. एका माल वाहतुकीवाल्याने सहा ट्रक आपल्याकडे देखभालीला द्यायचं ठरवलंय. सहाही ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे. माणूस शिस्तीचा आहे. त्याने मला लेखी विचारलंय की या गाड्यांना गिअरबॉक्सचा फिल्टर आतलाच ठेवायचा, की बाहेर वेगळा बसवून घ्यायचा, आणि का. उद्या उत्तर द्यायचंय. तू हसशील. किंवा हसणार नाहीस. हा प्रश्न या टेबलावर पहिल्यांदा कुणी आणला होता ते आपल्याला दोघांनाही माहीत आहे.

तो वाद आठवतो का? बाबा मध्ये बसलेले, चहा गार झालेला, आणि आपण दोघं दोन बाजूंना पाने परजून. माझं म्हणणं एकच होतं, की पोटातलं पोटात असावं. फिल्टर आत असला की तो बदलताना सगळं तेल काढून, वीस-बावीस बोल्ट सोडून गिअरबॉक्सच्या तळाचं चेंबर खाली उतरवावं लागतं, आणि म्हणूनच आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं. चेंबरमधल्या चुंबकाला लोखंडाचा किती कीस लागलाय, तेलाला जळका वास येतोय का, सगळं कळतं. बाहेर लटकवलेला डबा म्हणजे दगड लागायला जागा आणि गळायला चार जोड जास्त. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, दादा, तुझं बरोबर आहे, पण दिवसभराचं काम म्हटलं की गाडीवाला पुढच्या महिन्यावर ढकलतो, मग त्याच्या पुढच्या. आतली जाळी आहे तिथे राहू दे, खरं गाळण्याचं काम बाहेरच्याला देऊ. दहा मिनिटांत बदलता आला तर तो वेळेवर बदलला जाईल. तेल वेळेवर गाळलं गेलं तर चेंबर उघडून पाहण्याची वेळच कशाला येईल? बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, बोल आता. मामांच्या पाण्याच्या टँकरला तू बाहेरचा फिल्टर बसवलास, पाइप असे नीट बांधलेस की दगड लागायची सोयच ठेवली नाहीस, आणि तो टँकर सव्वा वर्ष एका तक्रारीशिवाय पळाला. मी रोज खाली वाकून थेंब शोधायचो. सापडला नाही याचं मला वाईट वाटायचं, हे आज पहिल्यांदा कबूल करतो.

मग तू दोन दिवस मैत्रिणीच्या लग्नाला गेलीस. त्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा सगळ्या मेकॅनिकांसमोर मला म्हणाले होते, यापुढे गिअरबॉक्सचं काही असलं तर हिला विचारून करत जा. तुला ते माहीत नाही, तू तेव्हा मागे हात धूत होतीस. ज्या पोरीला मी नट आणि बोल्टमधला फरक शिकवला, तिला विचारून! मी जेवलो नाही त्या रात्री. आणि सकाळी टँकरच्या स्टिअरिंगवर तुझी चिठ्ठी लावलेली दिसली: ‘दादा, फिल्टर बदलायची तारीख आहे. बाकी तू जाणतोसच.’

बाकी मी जाणतोच. तुला हे काम शिकवताना मी काय सांगितलं होतं ते तू झोपेतही म्हणून दाखवशील. जुना फिल्टर काढला की त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत आली का ते बघायचं. नसेल आली तर ती वर बसायच्या जागेला चिकटून राहिलेली असते, तेलात काळी, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कडेने बोट फिरवायचं. नेहमी, आणि प्रत्येक वेळी. कारण जुन्या रिंगेवर नवी बसली तर उभ्या गाडीत थेंब पडत नाही, पण जोर पडला की दोन्ही सरकतात. तू पहिल्यांदा बोट फिरवायला विसरलीस तेव्हा मी तुझ्या हातून पाना काढून घेतला होता आणि दिवसभर नुसती फरशी पुसायला लावली होती. आठवतं ना? रडली होतीस, पण पुन्हा कधी विसरली नाहीस.

मी बोट फिरवलं नाही. विसरलो असं लिहिणार होतो, फाडलेल्या एका कागदावर लिहिलंही होतं. पण विसरलो नव्हतो. दहा मिनिटांचं काम ना हे, मग दहा मिनिटांतच करून दाखवतो, असं मनात होतं. इतक्या सोप्या कामाला कसलं आलंय कसब, हे मला कुणाला तरी दाखवायचं होतं आणि तिथे बघायला कुणी नव्हतं. जुना फिरवून काढला, न बघता भंगारात टाकला, नवा हाताने आवळला. इंजिन चालू करून खाली बघितलं, एक थेंब नाही. सात मिनिटं लागली. बाबांना तसं सांगितलंही, जरा नाक वर करून.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या चढावर काय झालं ते मी तुला सांगायला नको. भरलेला टँकर, सगळं तेल रस्त्यावर, गाडीचा ओढा गेला, ती मागे यायला लागली, ब्रेक लागले पण मागची चाकं आपल्याच तेलावर घसरली आणि गाडी आडवी होऊन दगडी भिंतीत शिरली. शाळा भरायला अजून अर्धा तास होता. हे वाक्य मी गेली अकरा वर्षं रोज एकदा मनात म्हणतो. मामांचा गुडघा गेला. ज्या माणसाने चाळीस वर्षांत कुणाच्या सायकललाही धक्का लावला नव्हता, तो माणूस पुन्हा स्टिअरिंगवर बसला नाही.

टँकर आणायला मी गेलो होतो, बाबा मामांबरोबर दवाखान्यात होते. गाडीखाली शिरलो आणि पहिलं काम काय केलं असेन तर फिल्टर सोडला. एक रिंग फाटून बाहेर आलेली, दुसरी तिच्या मागे चिकटलेली. दोन. ठमे, मी त्या कडेने बोट फिरवलं तेव्हा, तीन दिवस उशिरा. दोन्ही सोलून खिशात टाकल्या आणि बाबांना येऊन सांगितलं की बाहेरचा फिल्टर जोर सहन करत नाही, मी आधीच म्हणत होतो. त्यांनी मान डोलावली. त्यांना वाटलं मी तुझ्याबद्दल कमीच बोलतोय. तुझ्यावर खापर फोडायला मला तुझं नावसुद्धा घ्यावं लागलं नाही, तेवढ्या एका वाक्यात काम झालं.

आणि तू आलीस. पिशवीसुद्धा खांद्यावरून उतरवली नव्हतीस. या टेबलाच्या पलीकडे उभी राहून तू मला एकदाच विचारलंस, दादा, जुनी रिंग निघाली होती ना? मी म्हणालो, हो. तू पुन्हा विचारलं नाहीस. तू खाली वाकून बघायलाही गेली नाहीस, कारण बोट फिरवायला ज्याने शिकवलं तोच माणूस हो म्हणत होता. थोडी तरी शंका घेतली असतीस तर मी तिथेच कोलमडलो असतो. तू नुसतं म्हणालीस, मग माझंच चुकलं.

पुढचं सगळं तुझ्यासमोरच घडलं. टँकरनंतर तू आणखी दोन गाड्यांना बसवलेले बाहेरचे फिल्टर बाबांनी काढायला लावले, तूच काढलेस. त्यानंतर तू गाडीखाली शिरली नाहीस. लग्न झालं, गाव बदललं, सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर बसायला लागलीस. परवा आपला पार्टवाला सांगत होता, तुमची बहीण फार हुशार, पण गिऱ्हाइकाने आतला घेऊ की बाहेरचा असं विचारलं की म्हणते, तुमच्या मेकॅनिकला विचारा. तो हसत सांगत होता. आणि इथे गॅरेजात काय चालतं ते तुला कुणी सांगितलं नसेल. कुठलं काम फसलं की पोरं म्हणतात, ‘झाला ताईचा फिल्टर.’ अकरा वर्षं म्हणतात. निम्म्यांनी तुला पाहिलंही नाही. मी एकदाही कुणाला गप्प केलं नाही, उलट एक-दोनदा हसलो. दुसऱ्याच्या कामात नाकाने कांदे सोलणारा मी, आणि हे ऐकून हसलो.

बाबांना सांगायचं राहून गेलं. शेवटच्या महिन्यात त्यांच्या उशाशी बसून रोज ठरवायचो. एक दिवस ते आपणहून म्हणाले, पोरीचे हात चांगले होते रे, वाया गेले. मी त्यांना पाणी पाजलं आणि बाहेर आलो. याची भरपाई होत नाही, ते मी मागतही नाही.

मामांना मात्र सांगितलं, बुधवारी. ते अजून रोज गॅरेजवर येतात, माझ्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसतात, येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला गाडी कशी लावावी ते शिकवतात. मी सगळं सांगितलं, चहाचा कप त्यांच्या हातात तसाच होता. मला वाटलं शिव्या देतील. त्यांच्या शिव्या तुला ठाऊक आहेत, ऐकणाऱ्याचं पोट भरतं. पण कप टेबलावर ठेवला, काठी घेतली, उठले, आणि आपली खुर्ची ओढत ओढत पार फाटकापाशी नेली. मी उचलायला धावलो तर काठी आडवी धरली. तेव्हापासून तिथेच बसतात, माझ्याकडे पाठ करून. शुक्रवारी वहिनी त्यांचा डबा घेऊन गेली तेव्हा त्यांनी तिच्याकडे माझ्यासाठी निरोप दिला, की गुडघा माझा होता, त्याचं माझं मी बघेन, पण पोरीला कळवल्याशिवाय त्याने मला मामा म्हणू नये.

उद्या सकाळी गॅरेज उघडलं की सगळ्यांना उभं करून सांगणार आहे. त्या ट्रकवाल्याचं उत्तरही लिहून तयार आहे. सहाही गाड्यांना बाहेरचा. कारण काय ते तुझ्याच शब्दांत लिहिलंय, जे दहा मिनिटांत होतं ते वेळेवर होतं. शेवटी एक सूचना माझी घातली आहे, की बदलणाऱ्याने कडेने बोट फिरवून पाहावं, तो कितीही जुना मेकॅनिक असला तरी.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. प्रशिक्षण केंद्राने तुला गिअरबॉक्स शिकवायला बोलावलं आणि तू वीस तारखेला नकार कळवणार आहेस, एवढंच तुझ्या पत्रात असतं तर कदाचित मी या वेळीही तोंडात गुळणी धरून बसलो असतो, इतका मी स्वतःला ओळखतो. पण खाली तू लिहिलंस, ज्या बाईच्या हट्टापायी मामांचा पाय गेला तिने पोरांना काय शिकवायचं, आणि दादा, त्या वेळी सगळ्यांत तू एकट्याने मला एका शब्दाने दुखावलं नाहीस, ते मी कधी विसरणार नाही. ते वाचून मला स्वतःची इतकी शरम वाटली की कागद घडी करून खिशात ठेवला आणि नऊ दिवस पुन्हा उघडला नाही. पाकिटात वेगळ्या कागदात त्या दोन रिंगा आहेत. दाढीच्या सामानाच्या डब्यात ठेवल्या होत्या, फेकवत नव्हत्या. हातात घे, तुला कुणी समजावून सांगायची गरज नाही. हव्या तर केंद्रात पहिल्या दिवशी पोरांना दाखव, कुणाच्या म्हणून विचारलं तर माझं नाव सांग. वीस तारखेच्या आत हो कळव. माझ्याशी त्यानंतर बोल, किंवा बोलूच नकोस, पण कळव. तू इथे उभी राहून विचारलं होतंस, जुनी रिंग निघाली होती ना? नाही, ठमे. निघाली नव्हती.

तू अजून म्हणू देशील तर, तुझाच
दादा