मूळ न हलवता

१४ जून
कॉफी हातात घेते न घेते तोच अण्णांचा फोन. "काय गे यमू, आणखी दोन गेली."
साठी उलटली तरी मला यमू म्हणणारा जगात आता हा एकच थोरला भाऊ उरलाय. गेली म्हणजे पापनाशमच्या आमच्या नारळबागेतली, तोप्पूतली, माडाची पोरं. कोवळ्या पानावर कात्रीने कापल्यासारखा त्रिकोण, आणि शेंडा कुजलेला. पुन्हा तोच मेला गेंडाभुंगा.
फोन ठेवताना म्हणाले, "हीही लावणी गेली तर मी नि तुझी वैनी लेकाकडे, श्रीधरकडे बंगळूरला जातों. पुरे झालं."
मी "बरं" म्हटलं. कॉफी गार झाली. माझा मुलगा फोनवर तमिळ बोलतो. मराठी समजतं सगळं, पण उत्तर तमिळमध्येच. अण्णा गेले तर मी मराठी कुणाशी बोलू? देव्हाऱ्याशी?

१६ जून
बसने पापनाशम. वैनींनी डांगर पचडी केली होती, पोट भरून जेवले. मग तोप्पूत.
त्या मोठ्या वादळात पडलेल्या माडांचे बुडखे अजून तसेच उभे. प्रत्येक बुडख्याशेजारी एक पोर. आमच्या वडिलांचा, अप्पांचा नियम होता: शेजारी लावलेलं पोर पहिलं फळ देईतो जुन्याचं मूळ हलवायचं नाही. थोरल्याने धाकट्याचा हात धरून ठेवलेला असतो, म्हणायचे. आमच्या घरात कुणी कधी मोडला नाही. आणि आता त्याच बुडख्यांत भुंगा अंडी घालतो, आळ्या वाढतात, अन् त्यांचे भुंगे होऊन शेजारचं पोर खातात. अप्पांच्या वेळी वादळात एखादा माड पडायचा. अख्खा तोप्पू आडवा होईल हे त्यांना काय ठाऊक!
शेजारी सांगतात, जेसीबी आणा, उपटून टाका. अण्णा ऐकत नाहीत. "मूळ हलवायचं नाही म्हणजे नाही." जेसीबीने कालव्याचा बांधही फुटेल, पोरांची मुळंही तुटतील, ते खरंच.
मी एका बुडख्याला लाथ मारली. आत भुसभुशीत. पाय दुखला तो दुखलाच.

२२ जून
बुडखा उपटायचा नसेल तर किसायचा. इतकं सोपं आहे, अन् मला आठवडा लागला! मूळ जमिनीत राहील, वरचं तेवढं जाईल.
दिवसभर फोनवर मशिनं बघितली. एक ढकलायचं, दोन चाकांचं, पेट्रोलवर चालणारं. माडावर बेडकासारखं उड्या मारतं. दुसरं ट्रॅक्टरमागे जोडायचं. ताकद भरपूर, पण ट्रॅक्टर बांध ओलांडून तोप्पूत जाणार कसा? आणि पाऊस लागला की या चिकट मातीत चाक रुतलंच. तिसरं परदेशी, चाकांऐवजी रबरी पट्टे. रणगाडा जणू. हात डावी-उजवी फिरतो, दाताळं चाक बुडखा किसत जातं. बघतच राहिले. किंमत विचारली अन् फोन उपडा ठेवला.

२५ जून
सेल्वमकडे गेले. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपात माझ्या हाताखाली शिकला. आता डोक्यावर टक्कल, भातकापणीची यंत्रं दुरुस्त करतो, बोलता बोलता मशिनला शिव्या घालतो. व्हिडिओ दाखवला. दोनदा बघितला, तिसऱ्यांदा बघितला. मग मागच्या अंगणात नेलं. गवतात एक जुनं कापणीयंत्र. वरचं सगळं मोडलेलं, खालचे रबरी पट्टे शाबूत.
"मॅडम, हे भातखाचरातच जन्मलंय. चिखल याला माहेर."
मेल्याला मी वेल्डिंग शिकवलं, उपमा कुठून शिकला देव जाणे. पैशांचं विचारलं तर हात जोडले, "तुम्ही माझ्या चुका काढल्यात, त्यावर मी जगलो, मॅडम. गप्प बसा." घरी येईपर्यंत डोळे पुसत होते.

६ जुलै
तिरुच्चीच्या बाजूला एका ठेकेदाराकडे पट्ट्यांचं परदेशी मशीन आलंय कळलं. से. आणि मी बघायला गेलो. चिंचेचा बुडखा असा उडवला की भुसा आमच्या केसांत! से. टाळ्या वाजवायला लागला. मग मी म्हटलं, तो कडेचा माडाचा बुडखा घ्या की.
थोड्या वेळात थांबलं. माडाचा तंतू चाकाच्या दांड्याला गुंडाळून गुंडाळून पेंढी झाली. ड्रायव्हर उतरून सुरीने कापत बसला. म्हणाला, माड आम्ही घेतच नाही.
म्हणजे परदेशी घेऊनही उपयोग नव्हता! इतका आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता.

२० जुलै
सांगाडा तयार. इंजिन एका जुन्या पंपाचं, दमदार. चाक जाड पोलादाचं, से.च्या ओळखीच्या लेथवाल्याने कातून दिलं. दात कार्बाइडचे. तंतूचं काय? विचार करतेय. अण्णांना अजून काही सांगितलं नाही. सांगितलं की "नको" म्हणणार, अन् माझ्या अण्णांचं "नको" एकदा आलं की...

३ ऑगस्ट
आडी पेरुक्कु, कावेरीला पाणी आल्याचा सण. तिरुवैयारुला कावेरीवर बायकांची गर्दी. वैनी आल्या होत्या. हळदकुंकू पाण्यात सोडलं, पाच तऱ्हेचा भात खाल्ला. पाणी दुथडी भरून. वैनी हळूच म्हणाल्या, "ह्यांनी श्रीधरला घर बघायला सांगितलंय. मला तिकडे जायचं नाही गं." मग मी त्यांना मशीनचं सगळं सांगून टाकलं. ऐकून पदरात तोंड लपवून हसल्या. "मी नाही सांगणार. तूच मर."

१७ ऑगस्ट
पहिली चाचणी, से.च्या मेव्हण्याच्या शेतातल्या माडावर. व्हायचं तेच झालं. पेंढी. बेल्ट जळाला, वास सगळ्या गावात.
से. मशीनला जे बोलला ते इथे लिहीत नाही.

२६ ऑगस्ट
सापडलं! कापणीयंत्राच्या जुन्या पात्या दांड्याच्या कडेला स्थिर बसवायच्या, फटीत. तंतू गुंडाळायला लागला की पातीवर घासून तुटणार. से. म्हणाला, "अय्यो, हे तर आमच्या कापणीयंत्रात असतंच." मग सांगितलं का नाहीस रे गाढवा? "तुम्ही विचारलं नाही, मॅडम."
दोघंही हसत सुटलो. चहावाला बघत राहिला.

९ सप्टेंबर
कुरुवै भाताची कापणी सुरू. से. दिवसभर शेतांत, मशीन अंगणात झाकलेलं. पाऊस येण्याआधी व्हायला हवं. पण ज्याने आपल्या हंगामातला वेळ काढून एवढं केलं त्याला घाई कशी करू?

२४ सप्टेंबर
अण्णांना फोन केला. सगळं सांगितलं, एका दमात. मग, "म्हणजे मूळ खवणार."
"मूळ नाही अण्णा, वरचं. मूळ जमिनीतच."
"मशीन ते मशीन. हलणारच."
"एकदा बघा तरी."
"खंडे नवमीला येतों. पूजेला यायचंच आहे."
हो म्हणाले नाहीत, पण येतों म्हणाले. देवा, तुझे उपकार.

१ ऑक्टोबर, खंडे नवमी
काय मी बाई! एवढी वर्षं घरात खंडे नवमी करते, वर्कशॉपात आयुधपूजा करते, अन् आज मशीन चालवून दाखवायचं ठरवून बसले! पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी कुणी उचलतं का?
अण्णांना घेऊन से.कडे गेले तर मशीन न्हाऊन, चंदनकुंकू लावून, झेंडूचे हार घालून बसलेलं. पट्ट्यांखाली लिंबं. मी म्हटलं, जरा एकदाच चालू कर. से.ने कान पकडले. "मॅडम, आज? आज त्याचा दिवस आहे. उद्या विजयादशमीला शंभर वेळा चालू करतो."
अण्णांना उद्या यायला जमणार नव्हतं. माझा चेहरा पडला. सगळं वाया गेलं असं वाटलं.
अण्णा मात्र चप्पल काढून मशीनपुढे बसले. सगळीकडे शांत, नुसता उदबत्तीचा वास. बराच वेळ बघत होते. मग चाकाकडे बोट. "हे खाली किती जातं?"
मी सांगाड्यावरचा अडसर दाखवला, बोल्टने बसवलेला. "इथवर. ह्याच्या खाली जाणारच नाही."
त्यांनी वीत लावून बघितलं, चाकापासून जमिनीपर्यंत, मग जमिनीखाली किती ते. पुन्हा मोजलं. "मूळ राहील?"
"राहील अण्णा."
"तूच केलंस हे?"
"मी आणि सेल्वमने."
उठले, मशीनला नमस्कार केला, से.ने दिलेलं हरभऱ्याचं सुंडल खाल्लं. परत जाताना रिक्षात म्हणाले, "आवाज केला असता तर मी निघून गेलों असतों." 
ते खरं आहे, मला माहीत आहे. चालू मशीनचा कल्लोळ ऐकून अण्णा घाबरले असते. माझा मूर्खपणा कामी आला. देवाचे आभार मानू की झेंडूच्या हारांचे?

५ ऑक्टोबर
मशीन पापनाशमला. लॉरीतून उतरवताना अख्खं गाव जमलं. बांधावरून पट्टे अलगद चढले, अलगद उतरले. से. मागे चालत होता, वरातीत चालतात तसा.
पहिला बुडखा. भुसा, मग तंतूंचा पाऊस, मग आळ्या! पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या. मैना आणि बगळे नांगरामागे यावेत तसे मशीनमागे. वैनींनी कोंबड्या सोडल्या. भुसा उन्हात पसरला. अण्णा लांब उभे, हात मागे.
संध्याकाळपर्यंत बांधाकडची रांग झाली. अंग ठणकतंय. मला वाटतं आयुष्यात मी इतकी खूश...

८ ऑक्टोबर
वाईट. कालव्याजवळच्या बुडख्यात चाक अडसरापर्यंत गेलं, थांबलं. से. उतरला, काठीने टोचलं. खाली अजून पोकळ, अजून कुजकं. काठीच्या टोकाला आळी.
तो अण्णांसमोर काही बोलला नाही, मला बाजूला घेऊन म्हणाला, "अडसर ठेवला तर वरून दाढी केल्यासारखं होतंय, मॅडम. खालचा भुंगा हसतोय." मी म्हटलं, अडसर निघणार नाही, मी शब्द दिलाय.
दिलेला शब्द पाळू तर पोरं जातात. पोरं जातात तर अण्णा जातात.

९ ऑक्टोबर
सकाळी तोप्पूत गेले तर अण्णा आधीच तिथे. धोतर खोचून त्या बुडख्याशेजारी बसलेले, हाताने माती उकरत होते. मला बघून हात वर केला. तळहातावर जाड आळी.
"हे मूळ नाही यमू," म्हणाले. "मूळ खाली आहे, कडक आहे, बघ. हे मधलं कुजलेलं. अप्पा कुजकं ठेवा म्हणाले नव्हते."
"पाना दे."
अण्णांनी आयुष्यात कधी पाना धरला नाही. मी हात धरून दाखवलं, उलटा फिरवा, हां. बोल्ट ढिला झाला. अडसर त्यांनीच काढला, एक भोक खाली बसवला, मूळ लागायच्या वर. मग से.ला म्हणाले, तमिळमध्ये, "आता चालव."
मला रडू आलं. तिथेच, सगळ्यांसमोर. अण्णा म्हणाले, "उगी राह्य, भुसा गेला डोळ्यात." भुसाबिसा काही गेला नव्हता.

१६ ऑक्टोबर
सगळे बुडखे झाले. शेवटचा माझा होता, माझ्या जन्माच्या वेळी अप्पांनी लावलेला. त्याचा मूठभर भुसा रुमालात बांधून आणला. काय करायचं त्याचं माहीत नाही.
रात्री पाऊस. से. मशीन धुवून नेऊन झाकून आला होता. फोनवर म्हणाला, ओरत्तनाडच्या एकाने विचारलंय. मी म्हटलं, आधी आमची पोरं जगू देत.

२ नोव्हेंबर
तोप्पूत चिखल. बुडख्यांच्या जागी गोल काळे डाग, पाणी साचलेले. पोरांची जुनी पानं तशीच कातरलेली, ती आता बदलणार नाहीत. बघायचं ते नव्या कोंबाकडे. मधला कोंब मिटलेला, तलवारीसारखा सरळ. उघडल्याशिवाय कळणार नाही आत त्रिकोण आहेत की नाहीत.
श्रीधरने विचारलं, बाबा, घराचं काय ठरवू? अण्णा म्हणाले, "पान उघडू दे. मग बघू."

१८ नोव्हेंबर
आता रोज सकाळी सहाच्या सुमारास अण्णांचा फोन येतो. पूर्वी महिन्यातून दोनदा यायचा.
"काय गे, बोटभर वर आलंय."
"कातरलंय?"
"एका बाजूनं उघडलंय, ती बाजू छान आहे. दुसरी मिटलेली."
मग आपलं आज काय केलं, वैनींचा गुडघा, कुणाकडे कोण आलं, अप्पा पावसात कसे चिडायचे. सगळं मराठीत, पाऊण पाऊण तास. कॉफी रोज गार होते.
देवा, ते पान सगळं उघडू दे, अख्खं उघडू दे. पण सावकाश उघडू दे.