दोन तास मागे पडलेले घड्याळ आणि धक्क्यावरील जागा क्रमांक १४

दिनांक : २४ एप्रिल २०२६
(हस्ते पोच. पोचपावती घेतल्याशिवाय अर्जदार खिडकीवरून हलणार नाही.)

प्रति,
मा. विभागप्रमुख,
बंदर व मैदाने विभाग,
होन्कासेल्का नगरपालिका, मध्य फिनलंड.

विषय : आपल्याच सांगण्यावरून कॉम्प्युटरवर जुन्या सिस्टीमशेजारी लिनक्सची नवी आवृत्ती बसवल्यामुळे बारा मिनिटे उशीर झाल्याचे ठरवून काढून घेतलेली बोटीची जागा क्र. १४ परत मिळणे, जेणेकरून माझ्या भावाला त्याचे घर सोडावे लागणार नाही.

संदर्भ : १) आपले 'अर्ज मुदतबाह्य' असे दीड ओळीचे पत्र, दि. १४ एप्रिल. २) आपल्या ग्रंथालयाचे पत्रक 'जुना कॉम्प्युटर फेकू नका'. ३) आपल्या कार्यालयाशी फोनवर तीन वेळा झालेले बोलणे, ज्याला बोलणे म्हणायचे की नाही याबद्दल मला शंका आहे.

महोदय,

खाली सही करणारी आउने हिएतामाकी, वय ७१, हिने हा फेरविचाराचा अर्ज संतापलेल्या परंतु पूर्ण शुद्धीतल्या अवस्थेत लिहिला आहे, याची प्रथम नोंद घ्यावी.

१. मी या गावात एकतीस वर्षे टपाल वाटले. उणे तीस अंशातही वाटले. 'पत्र उशिरा आले' अशी माझ्याविरुद्ध एकही तक्रार नाही, हवे तर दप्तर उघडून बघा. धक्क्यावरची जागा क्रमांक १४ गेली बावीस वर्षे माझ्याकडे होती. तिथून मी आठवड्यातून दोनदा माझी लाकडी बोट वल्हवत पुक्कीसारी बेटावर जाते. बेटावर माझा भाऊ ताइस्तो, वय ७९, एकटा राहतो. त्याच्या हृदयाच्या गोळ्या, बटाटे, कॉफी आणि राय नावाच्या धान्याची भाकरी माझ्याशिवाय कोणी नेत नाही. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवून पुढचे वाचावे, नाहीतर आपल्याला वाटेल की एक म्हातारी खुंट्याला दोर बांधण्यावरून भांडते आहे.

२. दि. १४ फेब्रुवारी रोजी आपल्या ग्रंथालयात नागरिकांसाठी 'करून बघण्याचा दिवस' भरवण्यात आला. पत्रकावर नगरपालिकेचे चिन्ह होते आणि लिहिले होते की, जुन्या सिस्टीमची देखभाल गेल्या शरदात बंद झाली, पण कॉम्प्युटर कचऱ्यात टाकू नका, लिनक्स या मोफत सिस्टीमची नवी आवृत्ती शेजारी बसवून बघा. मी माझा कॉम्प्युटर घसरगाडीवर बांधून, लोकरीच्या शालीत गुंडाळून ढकलत नेला. तिथे आपले स्वयंसेवक, निवृत्त शिक्षक श्री. काउको हार्यू यांनी मला सांगितले, "आउने, काही घाबरू नकोस. जुनं तसंच्या तसं राहतं, नवं फक्त शेजारी येऊन बसतं. सुरू करताना विचारतं, कोण हवंय? नाही पटलं तर काढून टाकायचं, त्यात काय एवढं!" दोन तासांत त्यांनी काम केले. कॉफी व दालचिनीचा पाव नगरपालिकेतर्फे मिळाला. त्याबद्दल आभार. आभार मानण्यासारखे या प्रकरणात दुसरे काही नाही.

३. नव्या सिस्टीमविषयी माझी तिळमात्र तक्रार नाही. पूर्वी कॉम्प्युटर सुरू करून मी भांडी घासून यायची तेव्हा कुठे तो जागा व्हायचा. आता कॉफी कपात ओतेपर्यंत तयार असतो. छपाईयंत्रसुद्धा मुकाट्याने चालू लागले. मी तेरा दिवस अत्यंत सुखात होते, आणि सगळ्या मैत्रिणींना सांगत सुटले होते की बायांनो, बसवून घ्या.

४. दि. २७ फेब्रुवारी, शुक्रवार. बोटीच्या जागेचे नूतनीकरण करण्याची अंतिम वेळ दुपारी बारा. सकाळी अंगणातला बर्फ लोटून मी आपले संकेतस्थळावरचे पान उघडले. त्यावर संदेश आला : 'आपले उपकरण या सेवेस योग्य नाही.' वा रे वा! ज्या नगरपालिकेने फेब्रुवारीच्या चौदा तारखेला नवी सिस्टीम बसवून दिली, तिचाच फॉर्म सत्तावीस तारखेला ती सिस्टीम ओळखत नाही. मी चडफडत कॉम्प्युटर बंद करून जुन्या सिस्टीमने सुरू केला. तिने आधी आपली आवराआवर काढली. ती संपेपर्यंत मी स्वयंपाकघरात कॉफी केली, घड्याळाकडे पाहिले नाही. परत येऊन फॉर्म उघडला तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात ९:२५ वाजले होते, आणि आपल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते : 'उरलेला वेळ – २ तास ३५ मिनिटे.'

आता फॉर्मने बोटीची रुंदी सेंटिमीटरमध्ये मागितली. बावीस वर्षे तीच बोट, तीच जागा, तरी रुंदी हवीच. वेळ भरपूर आहे असे आपणच सांगत होतात, म्हणून मी घाईत काहीबाही न लिहिता बाहेर गेले, कमरेएवढा बर्फ खणला, ताडपत्री सोडवली आणि मोजपट्टीने बोट मोजली. एकशे बत्तीस. परत येऊन आकडा भरला आणि अर्ज पाठवला तेव्हा पडद्यावर १०:१२ वाजले होते. उत्तर आले : 'मुदत संपली आहे.' मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवरचे घड्याळ पाहिले. बारा वाजून चौदा मिनिटे.

५. असे का झाले, ते मला काउको यांनी दुसऱ्या दिवशी येऊन समजावले. ते मी आपल्याला समजावते, कारण आपल्या कार्यालयात ते कुणालाही ठाऊक नाही. कॉम्प्युटरच्या पोटात एक छोटेसे घड्याळ असते आणि दोन्ही सिस्टीम त्याच्यावरच विसंबतात. नवी सिस्टीम त्यात जगाची सामाईक वेळ लिहून ठेवते आणि आपल्या देशाचे दोन तास मनातल्या मनात मिळवते. जुनी सिस्टीम तेच आकडे स्थानिक वेळ समजून जसेच्या तसे दाखवते. म्हणजे नवीवरून जुनीवर आले की घड्याळ दोन तास मागे. दोघींनी एकमेकींना विचारले असते तर काही बिघडले नसते. नवीला एका ओळीने समज देता येते. ती ओळ काउको लिहायला विसरले. ते माझ्या ओट्याशी उभे राहून म्हणाले, "चूक माझी आहे, आउने. दोन मिनिटांचं काम होतं. मला तोंड दाखवायला जागा नाही." त्यांना मी पाव खायला घालून पाठवले. चूक कबूल करणारा या सबंध प्रकरणात तो एकच माणूस भेटला.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. आपल्या पानावरची 'उरलेला वेळ' ही पाटी आपल्या घड्याळावरून चालत नाही, ती अर्जदाराच्याच घड्याळावरून चालते! फॉर्म बंद मात्र आपल्या घड्याळाने होतो. म्हणजे वेळ सांगायची माझी आणि दार लावायचे तुमचे. ही कुठली रीत?

६. यावर आपल्या कार्यालयातील श्रीमती मेर्या यांनी पहिल्या फोनला विचारले, "अहो हिएतामाकीबाई, घरात घड्याळ नाही का तुमच्या?" आहे. परंतु नगरपालिकेने केलेली वजाबाकी बरोबर आहे का, हे तपासायला मी स्वयंपाकघरात पळत जावे असा नियम आपण कुठे प्रसिद्ध केला आहे? दुसऱ्या फोनला त्या म्हणाल्या, "बारा वाजून एक मिनिटाने सगळं आपोआप होतं हो. जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला गेली. माझ्या हातात काही नाही." मी काउको यांचे लेखी निवेदन पाठवले, तर ते स्वयंसेवक आहेत, कर्मचारी नाहीत, म्हणून ग्राह्य नाही असे कळले. पत्रकावर चिन्ह आपले, कॉफी आपली, चूक तेवढी काउकोची! आणि तिसऱ्या फोनला मला सांगण्यात आले की, फेरविचाराचा फॉर्मही त्याच पानावर भरायचा असतो. मी सांगितले, ते पान नव्या सिस्टीमवर उघडत नाही आणि जुनी मी सत्तावीस तारखेलाच रागाच्या भरात पुसून टाकली. त्यावर बाई म्हणतात, "मग जुनी परत टाका ना." मी फोन ठेवला. आपटला असे त्या म्हणत असतील तर तेही खरे आहे.

७. जागा मिळाली ती श्रीमती पिन्या वोउतिलाइनेन यांना. त्या सहा वर्षे रांगेत होत्या, त्यांचा काडीचाही दोष नाही. त्यांना सारा प्रकार कळला तेव्हा त्या दोन लहान मुलींना घेऊन, ब्लूबेरीचा केक करून माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "मला नको ही जागा, अशी मिळालेली. मुलींना काय सांगू मी, कुणाची हिसकावून आणली म्हणून?" त्यांनी त्याच दिवशी जागा सोडण्यासाठी आपल्याला लिहिले. आपले उत्तर : जागा सोडता येईल, परंतु ती रांगेतल्या पुढच्या व्यक्तीला जाईल, श्रीमती हिएतामाकी यांचा क्रमांक त्रेचाळिसावा असून अंदाजे प्रतीक्षा नऊ वर्षे. नऊ वर्षांनी मी ऐंशीची असेन आणि ताइस्तो अठ्ठ्याऐंशीचा. तेव्हा मीच पिन्याबाईंना हात जोडले की कृपा करा आणि जागा सोडू नका. आज परिस्थिती अशी आहे की जिला जागा मिळाली तिला ती नको, जिला हवी तिला ती मिळत नाही, आणि दोघी मिळून ती तुमच्यापासून राखत बसल्या आहोत.

आपण पर्यायी जागा देऊ केलीत, तीही सांगते. लाहदेनपेरा. रस्त्याने सतरा किलोमीटर. मला गाडी नाही, तिकडे बस जात नाही, आणि तिथून पुक्कीसारीला पोचायला नऊ किलोमीटर वल्हवावे लागते. धक्क्यावरून दोन किलोमीटर आहे. जागा देणाऱ्याने नकाशा उलटा धरला होता का?

८. आता जे लिहायला हात धजत नाही ते लिहिते. जिल्ह्याच्या वृद्धसेवा खात्याने कळवले आहे की दि. ११ मे रोजी ताइस्तोच्या राहण्याची तपासणी होईल. अट अशी की, नात्यातल्या व्यक्तीची नियमित बोट हवी, आणि फॉर्मच्या सहाव्या रकान्यात त्या बोटीच्या धक्क्यावरील जागेचा क्रमांक हवा. क्रमांक नसेल तर त्याला गावातल्या सेवानिवासात हलवतील. मी ती खोली पाहून आले. तिसरा मजला, खिडकीतून दुकानाचा वाहनतळ दिसतो. ताइस्तो त्या बेटावर जन्मला. त्याचे जाळे, त्याची वाफेच्या स्नानाची सौना, आमच्या आईने लावलेली करंट बेरीची झुडपे, सगळे तिथे आहे. मी हे त्याला फोनवर सांगितले. तो म्हणाला, "तिथे नेऊन ठेवलंत तर मी महिन्याभरात जाईन बघ, आणि माझ्या सामानाची उठाठेव उगाच तुझ्या गळ्यात पडेल." हा आमच्या घरातला विनोद आहे. मी हसले नाही.

बारा मिनिटांसाठी एका माणसाचे घर जाते आहे, साहेब. मी रागावले आहे असे वर लिहिले, पण खरे सांगायचे तर मला भीतीही वाटते आहे, आणि या वयात मला तुमच्या कार्यालयाची भीती वाटावी याचाच सर्वात जास्त संताप येतो.

९. तरी माझे मागणे असे :

(अ) जागा क्र. १४ पूर्ववत माझ्या नावे करावी, आणि श्रीमती वोउतिलाइनेन यांना त्यांच्या सहा वर्षांच्या हक्कासह पहिली रिकामी होणारी जागा द्यावी.

(आ) ते जमत नसेल तर एका जागेवर दोन बोटी बांधण्याची परवानगी द्यावी. एका जागेवर एकच बोट हा नियम सात आडवा येतो हे मला माहीत आहे. परंतु एका यंत्रावर दोन सिस्टीम शेजारी शेजारी नांदू शकतात असा प्रचार आपणच चिन्ह लावून केला आहे. दोघींच्या बोटींची मिळून रुंदी दोनशे ऐंशी सेंटिमीटर होते, आम्ही मोजली आहे, आणि खुंट्यांमधले अंतर तीनशे दहा आहे. आम्ही दोघी एकमेकींना विचारून वेळ ठरवू.

(इ) ती 'उरलेला वेळ' पाटी आजच्या आज काढून टाकावी. माझ्या मैत्रिणींपैकी चौघींनी माझ्या सांगण्यावरून नवी सिस्टीम बसवली आहे आणि त्यांनाही बोटी आहेत.

१०. हा अर्ज समितीपुढे १९ मे रोजी येईल असे मला खिडकीवर सांगण्यात आले. तपासणी ११ मेला आहे हे आपल्याला पुन्हा सांगायला नको. सध्या तळ्यावरचा बर्फ माणसाला पेलत नाही आणि बोटीलाही वाट देत नाही. दि. ८ एप्रिलला मी बर्फावरून चालत शेवटची फेरी केली, तेव्हापासून ताइस्तोकडे कोणी गेलेले नाही. त्याच्या गोळ्या ६ मेपर्यंत पुरतील. मी मोजून दिल्या आहेत.

म्हणून आपण १९ तारखेला सावकाश बसून, चहापाणी घेऊन, या अर्जाचा विचार करावा. मी त्याची वाट पाहणार नाही. ज्या दिवशी बर्फ फुटेल त्या दिवशी पिन्याबाई आणि मी माझी बोट क्रमांक चौदावरून पाण्यात उतरवू, आणि परत आल्यावर ती तिथेच बांधू. यासाठी मी परवानगी मागत नाही, कळवते आहे. बोट हलवायला आपला माणूस आला तर त्याने आधी मला सांगावे की ताइस्तोच्या गोळ्या कोण नेणार. 'आम्ही नेतो' असे त्याचे उत्तर असेल, तर बोटीत वल्ह्यांची दुसरी जोडी ठेवलेली आहे. बसावे आणि वल्हवायला लागावे.

नम्र राहण्याची शिकस्त केलेली,

(सही)
आउने हिएतामाकी
निवृत्त टपालवाहक, होन्कासेल्का

सोबत :
१) पत्रक 'जुना कॉम्प्युटर फेकू नका', नगरपालिकेच्या चिन्हासह.
२) श्री. काउको हार्यू यांचे निवेदन, आपण एकदा परत पाठवलेले.
३) श्रीमती पिन्या वोउतिलाइनेन यांचे संमतिपत्र, खाली मुलींनीही सह्या केल्या आहेत.
४) वृद्धसेवा खात्याचे पत्र.
५) ताइस्तो हिएतामाकी यांच्या गोळ्यांची डॉक्टरांची चिठ्ठी. मूळ प्रत माझ्याकडे राहील, ती मला लागणार आहे.